पानाला शिवलेलं पाखरू

सासऱ्यांचं सगळं मी केलं, आणि म्हाळाला आले ते बसले धाकटीच्या खांद्यावर. हे वाक्य मी आमच्या घरात आजवर मोठ्यानं बोललेलं नाही. मनात मात्र इतक्यांदा बोललेय की आता ते पाठ झालंय.

झालं असं. सासरे गेल्यानंतरचा तो पितृपक्षातला पहिलाच म्हाळ. आमचं घर तोंडवलीला, माडांच्या बागेत. मी पहाटेपासून चुलीशी होते. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, अळू, खीर, सगळं एकटीनं. धाकटी जाव आदल्या दिवशी ठाण्याहून आली होती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, बोटीवर नोकरीला. महिनोन् महिने पाण्यावरच असतो. मूलबाळ नाही. तिथं ती एकटीच राहते, ऑफिसात जाते, केस मोकळे सोडते आणि चष्मा मण्यांच्या साखळीत ओवून गळ्यात घालते. आल्या आल्या मला म्हणाली, "वैनी, मी काय करू?" मी म्हटलं, "तू बस गो, दमान इलस." असं आपण म्हणतो. समोरच्यानं "नको नको" म्हणत विळीकडे हात न्यायचा असतो. ही बया खरंच बसली.

दुपारी पानं वाढली. एक पान बाहेर, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर, कावळ्यासाठी ठेवलं. त्या पानाला कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस जेवला. तोवर घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. आम्ही सगळे अंगणात हात जोडून उभे राहिलो. कावळा काही येईना. पावसाची सर येऊन गेली, पानावरची खीर पातळ झाली, तरी येईना.

सासूबाई म्हणाल्या, "तेंच्या मनात कायतरी आसा. बोल रे काय ता." माझा नवरा पुढे झाला. "बाबा, होडी मी इकूचंय नाय. तुमची होडी आसा थयच ऱ्हवतली. जेवा आता." होडी विकायचं त्याच्या मनात होतं हे मला तिथंच कळलं, पण ती वेळ भांडायची नव्हती. धाकटीनंही डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मी मनात म्हटलं, सासऱ्यांनू, मी काय बोलू? मी केलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. या आणि जेवा.

कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या फणसावर सगळी जमात गोळा होऊन कुणाच्या तरी मागे लागली होती, नुसता गोंगाट. आणि त्या फणसातून एक पाखरू सुटलं ते थेट आमच्या गडग्यावर, पानाशेजारी येऊन पडलं. राखाडी अंग, पिवळं डोकं, डोक्यावर उभा तुरा, आणि दोन्ही गालांवर नारंगी ठिपके. मैनेएवढं असेल, शेपूट मात्र लांब. असलं पाखरू आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. ते धापा टाकत जरा वेळ बसलं, मग आमच्यासमोर, कुणाला न घाबरता, भातावर तुटून पडलं.

"इले!" सासूबाई ओरडल्या. "इले गो ते!" आणि त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. सासरे घरात आले की घ्यायच्या, तसाच.

आता तुम्ही हसाल. पण तो तुरा बघायला हवा होता. सासऱ्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला केसांचा एक झुपका कायम उभा असायचा. कितीही तेल चोपडा, बसायचा नाही. ते तेल चोपडायची मीच, म्हणून मला पक्कं माहीत.  मी पुढे झाले, हात जोडलेलेच होते, तेच ओंजळीसारखे पुढे केले. आणि ते पाखरू उडालं, माझ्या डोक्यावरून गेलं, आणि धाकटीच्या खांद्यावर जाऊन बसलं. बसलं ते बसलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन गुळगुळीत आवाज काढायला लागलं. ती रडायला लागली. सासूबाई रडायला लागल्या. माझा नवरासुद्धा नाक ओढायला लागला. मी तेवढी कोरडी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तरी मी बोट पुढे केलं. म्हटलं, बघू. त्यानं मान वाकडी करून बोटाकडे बघितलं आणि असं कडकडून चावलं की रक्त आलं.

"सांबाऱ्यात मीठ कमी पडला आसतला," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या सांबाऱ्यात मीठ कमी नव्हतं. आजही नसतं.

सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ते खाटेवर होते, ते शेवटपर्यंत. धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा मासेमारीला समुद्रावर. आणि सासरे बोलायचे कमी. मला तर त्यांनी कधी "गो" म्हणूनसुद्धा हाक मारली नाही. काही हवं असलं की शीळ घालायचे. एक आखूड, एक लांब. तरणे असताना रापणीचं जाळं ओढायला जायचे. किनाऱ्यावर दोराच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांना बोलवायची ती शीळ. तीच मला. पाणी हवं, शीळ. उशी सरकली, शीळ. नुसतं एकट्याला कंटाळा आला, तरी शीळ. मी हातातलं टाकून धावायचे. आणि धाकटीचा फोन आला की मात्र आवाज कसा लोण्यात घोळलेला. "कशी आसस गो बाय? जेवलंस? कधी येतलंस?" तिला गो, तिला बाय. मला शीळ. मी त्यांच्या पायांना तेल लावत ते ऐकायची आणि जरा जास्तच जोरात चोळायची.

ते गेल्यावर घरात इतकी शांतता झाली की मला सुचेनासं झालं. दुपारच्या वेळी हातातलं काम थांबवून मी उगीच कान देऊन बसायची. शीळ काही यायची नाही.

त्या पाखराचं काय करायचं म्हणून नवऱ्यानं वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं. त्यानं बघितलं आणि तो ऑफिसच्या भाषेत म्हणाला, "हे कॉकाटील आहे. मूळचा परदेशी पक्षी. कुणाचा तरी पाळलेला सुटून आलाय, पायात कडी आहे बघा. बाहेर सोडू नका, आपले कावळे त्याला जगू देणार नाहीत. मालक सापडतो का बघा." कडी मी पहिल्याच दिवशी बघितली होती. गप्प बसले होते, एवढंच.

मला वाटलं आता सासूबाईंचा हिरमोड होईल. कसला होतोय! "पाळलेलो म्हणान काय झाला?" त्या म्हणाल्या. "येवक कायतरी वाट होयी मां तेंका?" 

धाकटीची रजा संपली. पाखराचा एक पंख कावळ्यांनी ओरबाडला होता आणि पिंजराही नव्हता. जाताना ती मला म्हणाली, "वैनी, दिवाळीक येतंय तेवा पिंजरो घेवन येतंय, आणि तेका न्हेतंय. तवसर तू सांभाळ." तवसर तू सांभाळ! सांभाळायचं आलं की मी आहेच. पाखरानं त्या दिवशी तिच्या ओढणीचा काठ चोचीत धरून ठेवला होता, तो सोडवायला मला दोन ठिकाणी चावून घ्यावं लागलं.

सासऱ्यांची खोली रिकामी होती. खिडकीला जाळी मारून तिथंच त्याला ठेवला. मालवणच्या बाजारातून राळं आणलं, मक्याचे दाणे उकडून दिले, कोथिंबीर दिली. खरचटलेल्या पंखाला हळद लावायला गेले तर पुन्हा चावला. दुपारी सासूबाई आत जाऊन खाटेवर बसायच्या आणि त्याला घरातलं सगळं सांगायच्या. कोंबडी खुडूक बसली, शेजाऱ्यानं माडाची हद्द सरकवली, होडीला रंग द्यायला हवा. तो एका पायावर उभा राहून ऐकायचा. माझ्याबद्दलही काहीतरी सांगत असणार, कारण मी दारात आले की दोघं गप्प व्हायची.

मला काय हवं होतं ते आता सांगते. त्यानं मला एकदा, फक्त एकदा, हाक मारायला हवी होती. ते सासरे असोत नसोत. पण त्या खोलीतून, त्या खाटेवरून मला एकदा ती शीळ ऐकायची होती. ती जात शीळ घालते असं तो वनखात्यातला माणूस म्हणाला होता, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

म्हणून मी त्याला शिकवायला बसले. बाईमाणसानं शीळ घालणं आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून दार लोटून घ्यायची. आधी नुसती हवाच यायची. मग जमायला लागली. एक आखूड, एक लांब. सकाळी राळं घालताना, संध्याकाळी खोली झाडताना, रोज. तो माझ्याकडे पाठ फिरवून दाराकडे तोंड करून बसायचा. ती येईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. मी शीळ घालून घालून ओठ सुकवायचे, आणि तो शेपटीनं जमीन झाडल्यागत चार पावलं पलीकडे सरकायचा. मेल्या, राळं माझं खातोस ना?

आणि रात्री धाकटीचा व्हिडिओ कॉल. फोन त्याच्यासमोर धरायचा कोणी, तर मी. तिचा चेहरा दिसला की तुरा ताठ, गाल फुगलेले, आणि फोनच्या काचेवर डोकं घासायचा. "काय करता माझो राजा?" ती विचारायची. माझा हात अवघडून यायचा. राजा म्हणे.

एका रात्री तो कॉल संपला आणि मी तिथंच खाटेवर बसून त्याचा फोटो काढला, पायातल्या कडीसकट. गावच्या आणि मालवणच्या जेवढ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी होते तेवढ्यांवर टाकला. 'सापडला आहे. कुणाचा आहे?' सगळ्यांनी माझं कौतुक केलं. किती प्रामाणिक, किती भूतदया. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. मला पक्कं माहीत होतं मी ते कशासाठी केलंय. मला नाही, तर तिलाही नाही.

दोन दिवसांत मालवणहून एक बाई रिक्षानं आल्या, हातात मोठा पिंजरा. त्या अंगणात उतरल्या आणि मी बघतच राहिले. केस मोकळे, मानेपर्यंत. गळ्यात चष्मा, मण्यांच्या साखळीत. आत नेलं तर पाखरू खिडकीवरून सुटलं ते त्यांच्या खांद्यावर. कानाशी तोंड, तोच गुळगुळीत आवाज, आणि चोचीत साखळीचा मणी.

हात्तिच्या! म्हणजे हे होतं तर. अगो बाय माझ्या, तुझ्या मायेपायी नव्हे, तुझ्या साखळीपायी! मला इतकं हलकं वाटलं की त्या बाईंना मी नारळ घातलेले घावणे केले, चहात आलं घातलं.

पण बाईंचा चेहरा काही फुलला नव्हता. त्यांना धाप लागली होती. चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी त्याला न्यायला नाही आलेय हो. याच्या पिसांतून बारीक भुकटी पडते. तिचा मला त्रास होतो, दमा वाढलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पक्षी घरात नको. कुणाला तरी द्यायचं ठरवून मी पिंजरा ओट्यावर आणला आणि दार नीट लागलं नाही. उडाला तेव्हा मला वाटलं, कावळ्यांनी संपवला. तुम्ही वाचवलात. आता तुम्हीच ठेवा. हा पिंजरा, हे त्याचं खाणं." त्या त्याला खांद्यावरून काढत होत्या आणि तो पुन्हा पुन्हा चढत होता. शेवटी त्या रडायलाच लागल्या.

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण त्याच्याबरोबरच छातीत काहीतरी उसळलं. तुम्हीच ठेवा म्हणाल्या! समोर उभी होते ती मी. जावेचा पत्ताही नव्हता.

मी पिंजऱ्याला हात घातला, तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "पिंजरो बरो झालो. आता धाकटेक ठाण्यासून इतको लांब हाडूक नको."

"आई," मी म्हटलं, "ती बाई आमका देता. हयसर सापडलो, हयसर बरो झालो. माझ्याकडे काय कमी पडला तेका?"

"काय एक कमी पडूक नाय."

"मगे?"

"तुझ्याकडे मी आसंय, घोव आसा, कोंबडे आसत. तिच्याकडे कोण आसा? भिंती?"  आणि पिंजरा स्वतःकडे ओढत म्हणाल्या, "तू तेंका बघलंस. आता तिका बघूंदे."

मालवणच्या बाई मान डोलवत होत्या आणि नवरा होडीकडे निघून गेला होता. तेंका बघलंस. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी हे तोंडानं म्हटलं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही माझ्या हातातून पिंजरा काढून घेताना.

बाई गेल्यावर मी एक शेवटचा प्रयत्न केला. नवऱ्याचा वाचायचा चष्मा घेतला, होडीतल्या तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या, दोरीत बांधला, त्यात माझ्या जुन्या माळेतले मणी ओवले आणि गळ्यात घातला. केस सोडले. आरशात बघितलं तर मी मलाच ओळखेना. खोलीत गेले. त्यानं तुरा उभा केला.  तो उडाला, खांद्यावर बसला, आणि कानाच्या पाळीला असा चावला की मी केकाटलेच. सासूबाई दारात उभ्या. माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि निघून गेल्या. त्यांनी हसायला हवं होतं. त्या हसल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

दिवाळीला धाकटी आली आणि त्याला घेऊन गेली. पिंजऱ्यावर तिनं सासूबाईंची जुनी सुती साडी गुंडाळली. मी राळ्याची पिशवी बांधून दिली, कोथिंबीर धुऊनच घालायची म्हणून सांगितलं, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. खोलीची जाळी काढली. गादी गुंडाळून खाटेच्या उशाला ठेवली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी, मी मागच्या पायरीवर बांगडे साफ करत बसले होते. फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून कोपरानं स्पीकर लावला.

"वैनी," धाकटीचा आवाज रडकुंडीला आलेला. "ह्या पाखरान माका येडा करून सोडल्यान. आता सुट्टीचो दिवस, जरा पडान ऱ्हवाचा म्हटला तर..."

आणि तेवढ्यात मागून ती शीळ आली. एक आखूड, एक लांब.

मी उठले. सुरी कुठे टाकली मला माहीत नाही. पायरी, माजघर, आणि मी सासऱ्यांच्या खोलीच्या दारात पोचलेसुद्धा, हातावर खवले, माशाचं रक्त कोपरापर्यंत. खाट रिकामी होती. गुंडाळलेली गादी होती. मी चौकट धरून उभी राहिले. चौकटीला हात लागले ते डाग अजून पुसलेले नाहीत.

पायरीवर फोनातून ती ओरडत होती. "वैनी? आसस मां?" मी परत आले. खाली बसले.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "हीच. इलो तेवापासून सुरू आसा. मी उठान जवळ जाय तवसर थांबणा नाय. गेलंय की गप. येवन बसलंय की परत. जेवताना, फोनवर आसताना, खंयच सोडणा नाय. खंयसून शिकलो कोण जाणे. तेका होया तरी काय?"

तिला ती शीळ माहीत नव्हती. कुठून असणार? सासऱ्यांनी तिला कधी शिळेनं बोलावलंच नव्हतं. मी सांगू शकले असते. ती माझी आहे, मी दार लोटून शिकवलीय, असं एका वाक्यात झालं असतं. नाही सांगितलं. ही गोष्ट माझी होती, ती मी तिला देणार नव्हते.

"पाणी दी तेका," मी म्हटलं.

"वाटयेत पाणी आसा गो!"

"आसला तरी बदल. आणि जरा थयसर बस. नुसती बस. तेवढाच होया आसता."

"रोज?"

"रोज."

 मागून पुन्हा शीळ. आखूड, मग लांब, अगदी सासऱ्यांसारखी, शेवटाला जरा खाली उतरणारी. ते उतरणं मी शिकवलेलं नव्हतं, की माझ्या ओठांतून आपसूक गेलं होतं, ते मला सांगता येणार नाही.

"जा, ऊठ," मी म्हटलं. "बोलयतत ते."

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं. फोन मी बंद केला नाही. बरबटलेले हात मांडीवर घेऊन ऐकत बसले. बोलावत होते ते मला, आणि उठून जात होती ती.